पांढरीपुढची पेशी

समस्त सुजाण वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, सत्तरच्या दशकात सांगली शहरी एक युद्ध झाले. ते कोणत्याही सीमेवर झाले नाही. वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली नाही आणि रेडिओवरचे शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम नेहमीप्रमाणे चालू राहिले. रणभूमी होती एका सुनेचा गळा. चाल करून गेलेले सैन्य तिचेच होते आणि लुटली गेलेली वस्तीही तिचीच. या युद्धाचा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार मी असून, पुरावा काचेच्या पट्टीवर चिकटवून ठेवलेला आहे. सबब वाचकांनी फराळाचे ताट क्षणभर बाजूला सारावे. पुढे थोडे मांस, थोडे रक्त आणि एक सासू येणार आहे.

झाली घोषणा. आता माणसासारखं बोलतो.

मी पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे असा डॉक्टर, ज्याला रोग दिसतो पण रोगी दिसत नाही. माझ्याकडे माणूस येत नाही, माणसाचा तुकडा येतो. सर्जन तो कापून बाटलीत घालून पाठवतात. आम्ही तो औषधात मुरवायचा, मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकत्या करायच्या, त्या काचेवर घेऊन निळ्या-गुलाबी रंगात रंगवायच्या आणि दुर्बिणीखाली धरून निकाल द्यायचा. खरं नाव सूक्ष्मदर्शक, पण लोक दुर्बीणच म्हणायचे, मीही तेच म्हणतो. गावात माझी ओळख ‘रगात बघनारा डाक्टर’ अशी होती. रक्त देताना लोक जे बोलत, त्यावर एक निराळा लेख होईल. आष्ट्याचे एक हळदीचे व्यापारी होते. आयुष्यभर हळद चिमटीत चोळून तिची जात सांगणारा माणूस. माझ्या टेबलावरचा गुलाबी रंग त्यांनी परवानगी न विचारता बोटावर घेतला, चोळला, आणि म्हणाले, “रंग पक्का हाय. पन भाव जास्ती दिला असनार तुमी.” मग मी त्यांचं रक्त काढलं. त्यांनी विचारलं, “तपासून उरलेल्याचं काय करता?” मी म्हणालो, टाकून देतो. त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी भर पेठेत त्यांचं पोतं फाडलं. “आवं मग काढतानाच जरा अंदाजानं काढायचं की!”

रोगी दिसत नाही हे मला नेहमीच सलत आलं. माझा मूळ पिंड नाटकवाल्याचा. कॉलेजात राजे केले, कपटी दिवाण केले, एकदा तर स्वयंवरातली राजकन्यासुद्धा केली. आणि नशिबी आली मागची खोली! म्हणून मी एक छंद लावून घेतला होता. निकालाचा कागद न्यायला कुणी नातेवाईक आला की त्याला स्टुलावर बसवायचं, दुर्बिणीला डोळा लावायला लावायचा आणि ‘पाहा!’ म्हणून प्रयोग सुरू करायचा. पडदा नाही, संगीत नाही, पण प्रेक्षक मात्र हमखास गार पडायचा. याच छंदापायी एका बाईचा संसार मोडायची वेळ आली. ती गोष्ट सांगतो.

माझी प्रयोगशाळा आमच्या मित्राच्या दवाखान्याला लागून होती. मित्र सर्जन. त्याला सगळे बापूसाहेब म्हणत. हात सोन्याचे आणि तोंड तोफेचं. त्याच्या आणि माझ्या खोल्यांमध्ये एक बोळ होता आणि बोळात बाकडं. त्या बाकड्यावर उन्हाळ्यातल्या एका सकाळी तीन माणसं येऊन बसली.

मध्ये शालन. कडेगावजवळच्या एका उसाच्या गावातली सून, माहेर वडूजकडचं. तरुण बाई, पण चेहरा सुजल्यासारखा, कातडी कोरडी, केस विरळ. गळ्याच्या खाली, पुढच्या बाजूला, मुठीएवढी गाठ. ती काही बोलत नव्हती. एका बाजूला तिचा नवरा मारुती, लष्करात शिपाई, रजेवर आलेला. बसलासुद्धा सावधान स्थितीत. दुसऱ्या बाजूला सासू, तानूआक्का. एवढ्या उकाड्यात अंगाभोवती शाल घट्ट लपेटलेली, आवाज पुरुषासारखा घोगरा, आणि भुवया बाहेरच्या टोकाला पुसून गेलेल्या. मला वाटलं, उभा जन्म लोकांकडे रागानं पाहून झिजल्या असाव्यात.

आक्का बाकड्यावरून शेजारच्या बाईला सांगत होत्या आणि माझं दार उघडं होतं.

“थंड हाय वो पोरगी. भाकरी थापता थापता झोपती. हाक मारली तर वळायला येळ लागतोय. केस गळ्यालं, गळा फुगला. माझं तर एकच म्हननं हाय, हिला आमच्या गावची पांढरी मानवली न्हाई.”

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. गावाची शेतजमीन ती काळी आणि घरं उभी असतात ती जागा पांढरी. काळी पिकवते, पांढरी राखते. पांढरीला देवाचा मान. नव्या सुनेचं काही धड होईना की जुन्या बायका म्हणत, पांढरीनं हिला घेतलं नाही. एकदा पांढरीनं घेतलं नाही म्हटलं की त्यावर औषध नसतं. सुनेला जिथून आणली तिथं पोचवणं, एवढाच इलाज.

“मी ह्याच पांढरीवर जल्मले,” आक्का छातीवर हात ठेवून म्हणाल्या. “म्हायेर मागल्या आळीला, सासर फुडल्या आळीला. गावातल्या गावात दिलेली. मला पांढरीचं समदं कळतंय. पन लेक म्हनतोय, डाक्टरला दाखवू. म्हनलं दाखव बाबा. गळ्यात रोग निगाला तर दवा करू, आमी काय कसाई न्हाई. रोग न्हाई निगाला तर ह्याची रजा सरायच्या आत हिला वडूजला पोचवायची. कायमची.”

शालननं मान खाली घातली. मारुती समोरच्या भिंतीकडे पाहत राहिला.

बापूसाहेबानं गळा चाचपला आणि माझ्या खोलीत येऊन दार लावलं. त्यानं दार लावणं हेच वाईट लक्षण. “दगडासारखी आहे रे गाठ,” तो म्हणाला. “श्वासनलिका दाबली जातेय. मला कॅन्सरची शंका येतेय. उद्या तुकडा काढतो. तू तिथल्या तिथं बघून सांगायचं. कॅन्सर असला तर पूर्ण भूल देऊन गळ्यातली सगळी थायरॉइड ग्रंथी काढावी लागेल. पण ही बाई इतकी गार पडलीय की भूल दिल्यावर जागी होईल याची मला खात्री नाही.”

थोडक्यात, ‘हो’ म्हणालो तर शालन टेबलावरच जाण्याचा धोका. चुकून ‘नाही’ म्हणालो तर कॅन्सर गळ्यात ठेवून गळा शिवायचा.

दुसऱ्या दिवशी त्यानं फक्त गळा बधिर केला. बाई जागी. गळा उघडा. तुकडा ताटलीतून बोळ ओलांडून माझ्याकडे आला. मेणात बसवायला सवड नसते तेव्हा आम्ही गोठवून कापतो. नळकांड्यातल्या वायूचा फवारा मारला की तुकडा बर्फासारखा कडक होतो, मग पातं फिरवायचं. चकती घेतली, रंगवली, दुर्बिणीखाली सरकवली आणि दिव्याचं बटण दाबलं. वीज गेलेली.

दुर्बिणीचा आरसा खिडकीकडे वळवला. आकाशात एकच ढग होता आणि तो नेमका सूर्यापुढे उभा. बोळापलीकडून तोफ झाली, “काय रे? हो का नाही?”

“थांब!”

“मी थांबतो. ही किती थांबणार?”

ढग हलला. उजेड आला. मी डोळा लावला.

जिथं ग्रंथी दिसायला हवी होती, तिथं निळे ठिपके. जिकडे नजर टाकावी तिकडे निळे. हे ठिपके म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी. रंगवल्या की निळ्या दिसतात, पण नाव पांढऱ्याच. (हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावं. पुढचा सगळा घोळ त्यात आहे.) शरीराची राखण या पेशी करतात. त्यांतल्या लिम्फोसाइट नावाच्या जातीचं काम एकच, घरचं कोण आणि परकं कोण ते ओळखायचं. यातल्या काही छातीतल्या थायमस नावाच्या ग्रंथीत शिकून तयार होतात. तिथं त्यांना पहिला धडा मिळतो तो असा की हे आपले लोक, यांना हात लावायचा नाही. पण कधीकधी एखादी तुकडी हा धडा विसरते. मग काही पेशी स्वतः जाऊन आपल्याच ग्रंथीला भिडतात, काही दुसऱ्यांना चिथावतात, आणि चिथावलेल्या पेशी आपल्याच ग्रंथीविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करून सोडतात. ग्रंथी हळूहळू खाल्ली जाते. अंगातली ऊब, वेग, आवाजाची धार, सगळं त्या ग्रंथीच्या रसावर चालतं. ती गेली की माणूस विझत जातो. एका जपानी डॉक्टरनं हा आजार पहिल्यांदा नीट मांडला. त्याचं नाव इथं घेत नाही, गोंधळ आधीच पुष्कळ आहे.

पण भीती निराळीच होती. याच पांढऱ्या पेशींचा कॅन्सरही होतो. तोही असाच दिसतो, निळा आणि दाट. मग फरक करायचा कसा? मी माझ्यापुरती एक खूण ठरवून ठेवली होती. कॅन्सर म्हणजे पलटण. सगळ्या पेशी एका साच्याच्या, एका तोंडवळ्याच्या, रांगेनं घुसलेल्या. दुसरा आजार म्हणजे जत्रा. लहान, मोठे, म्हातारे, सगळ्या तऱ्हेचे लोक, मध्येच कुठं गोल करून बसलेले. आणि त्या गर्दीत ग्रंथीच्या उरल्यासुरल्या पेशी घाबरून फुगलेल्या, गुलाबी.

मी गुलाबी शोधू लागलो. एका कोपऱ्यात निळं. दुसऱ्या कोपऱ्यात निळं. सगळे ठिपके मला एकसारखेच दिसू लागले. घाबरलेल्या माणसाला गर्दीतले सगळे चेहरे एकच दिसतात, तसं. पुन्हा ढग. मी कपाळाचा घाम शर्टाच्या बाहीला पुसला, डोळे मिटले, उघडले. उजेड परत आला. काच केसभर सरकवली.

दिसलं. एक गोल. पेशींचा गोल, मध्ये फिकट, कडेला दाट, जत्रेतल्या कुस्तीच्या फडासारखा. त्याच्या शेजारी दुसरा. आणि दोन्हींच्या मध्ये चार-सहा फुगलेल्या गुलाबी पेशी. मग लक्षात आलं की निळेही एकसारखे नाहीत. एक बारका, एक जाडा, एकाचं केंद्र कडेला सरकलेलं.

मी धावत बोळात गेलो आणि ऑपरेशनच्या खोलीच्या दाराबाहेरून ओरडलो, “जत्रा आहे! बापू, जत्रा आहे! पलटण नाही!”

आतल्या सिस्टरला वाटलं, उन्हानं माझं डोकं फिरलं. बापूसाहेबाला माझी भाषा ठाऊक होती. “नक्की?”

“नक्की. शिव.”

श्वासनलिकेवरचा जेवढा भाग दाबत होता तेवढाच त्यानं काढला आणि गळा शिवला. सिस्टर नंतर म्हणाली, इतका वेळ ती बाई डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत होती, पण ‘जत्रा’ ऐकल्यावर, तिला काय कळलं देव जाणे, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

इथपर्यंत मी नायक होतो. आता दुसरा अंक.

मेणातली पक्की चकती तयार झाली. तीही जत्राच होती. म्हणजे रोग निघाला होता, त्याला नाव होतं आणि औषधही होतं. थायरॉक्सिनची गोळी, रोज, जन्मभर. गळ्यानं बनवायचं ते गोळीनं पुरवायचं. आक्कांच्याच शब्दानं शालन आता घरी राहणार होती. मी इतका खुशीत होतो की निकालाचा कागद न्यायला आक्का आणि मारुती आले तेव्हा त्यांना नुसता कागद देऊन पाठवणं मला नाटकाचा अपमान वाटला. आक्कांना स्टुलावर बसवलं.

“लावा डोळा.”

“निळं दिसतंया.”

“त्याच पांढऱ्या पेशी.”

“निळ्या हायती की!”

“रंगवल्यात, आक्का. रूप निळं, नाव पांढऱ्या.” आणि मग माझ्यातला दिवाण उभा राहिला. आवाज खाली आणून मी म्हणालो, “आक्का, तुमच्या सुनेला आतून कुणी खाल्लं ते तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघताय. तिचा गळा कुणी खाल्ला? या पांढरीनं... पांढऱ्या पेशींनी!”

परिणाम साधायला ‘पांढऱ्या’वर मी जीभ रेंगाळवली होती. त्यात ती घसरली. मला ते जाणवलंसुद्धा नाही.

आक्कांनी डोळा काढला. दुर्बिणीला हात जोडले. लेकाकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, “ऐकलंस? काचंत दिसलं.”

मारुतीचा चेहरा उतरला. “म्हंजे पेशीच लागली म्हना की, साब.”

“पेशीच!” मी आनंदानं म्हणालो. “शंभर टक्के पेशी!”

त्यानं खाडकन सलाम ठोकला आणि दोघं निघून गेले. असा गंभीर प्रेक्षक आजवर मिळाला नव्हता. मी स्वतःवर खूश होऊन चहा मागवला.

चहा यायच्या आत बापूसाहेब आला. “तू त्या लोकांना काय सांगितलंस?”

“का?”

“शालनला घेऊन गेले! गोळ्या नाहीत, काही नाही. आयाबाईला सांगून गेलेत की डॉक्टरनं पांढरी काचेत दाखवली. पांढरीनं हिला खाल्लं. पांढरीपुढं हिची पेशी झाली आणि निकाल लागला. वडूजची गाडी धरणार आहेत.”

तेव्हा मला ‘पेशी’ कळली. लष्करात गुन्हा झाला की शिपायाला साहेबापुढे उभं करतात, त्याला पेशी म्हणतात. मी सांगत होतो जीवशास्त्र, आणि मारुती ऐकत होता कोर्टमार्शल. न्यायाधीश कोण, तर गावची पांढरी. आणि हे सगळं खुद्द डॉक्टरनं, काचेतून, पुराव्यानिशी!

“वडूजला सोडून आले आणि औषध नाही मिळालं, तर थंडीपर्यंत ती झोपेतून उठायची नाही,” बापूसाहेब म्हणाला. “चल.”

मी दुर्बीण तिच्या पेटीत घातली, काच खिशात घातली आणि त्याच्या स्कूटरवर मागे बसलो. मांडीवर पेटी, एका हातानं बापूचा सदरा धरलेला. हळदीच्या पेठेत पोत्यांच्या बैलगाड्या आडव्या. बापूची तोफ, बैलगाडीवाल्याची त्याहून मोठी. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र, यष्टीचा मागचा भाग आणि धूळ.

स्टँडवर विटा-मायणीमार्गे वडूज जाणारी गाडी उभी होती. इंजिन चालू. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर. मी पेटीसकट आत घुसलो. मधल्या बाकावर तिघं. शालन खिडकीशी, मांडीवर कपड्यांचं बोचकं. त्या बोचक्याकडे पाहूनच कळत होतं की हा प्रवास परतीचा नाही.

“उतरा!” मी म्हणालो. “चूक झालीय. ती पांढरी नव्हे!”

“देवाच्या नावानं असं बोलू नगा डाक्टर,” आक्का म्हणाल्या. “मी डोळ्यानं बगितलं.”

“परत बघा.” मी बाकावर पेटी उघडली, दुर्बीण ठेवली, आरसा खिडकीतल्या उन्हाकडे वळवला. आक्कांनी डोळा लावला आणि किंचाळल्या, “आगाई! जित्तं हाय! हालतंया!”

इंजिनानं सगळी गाडी थरथरत होती आणि तिच्याबरोबर पेशीही. बापूसाहेब ड्रायव्हरवर ओरडला, ड्रायव्हर बापूसाहेबावर. शेवटी इंजिन बंद झालं. अख्खी गाडी आमच्याभोवती गोळा झाली.

मी मारुतीकडे वळलो. “मारुतराव, चौकीवर पहारेकरी असतो. रात्री कुणी आलं की तो काय करतो?”

“थमवतो. वळख इचारतो.”

“आणि ओळख पटली नाही तर?”

“गोळी, साब.”

“तर पहारेकरी आपला, येणारा माणूसही आपला, पण ओळख पटली नाही. हिच्या गळ्यात तेच झालंय. या पेशी म्हणजे तुमची ती साहेबापुढची पेशी नव्हे. हे रक्तातले पहारेकरी. हिचेच. आणि गळ्याला त्यांनी परका समजून मारलं. यात गावाचा, पांढरीचा काहीएक संबंध नाही.”

मारुती विचारात पडला. त्याच्या चेहऱ्यावर उजेड दिसू लागला. मी भरात आलो. आणि भरात आलेल्या नटानं थांबायचं असतं, हे मी आजतागायत शिकलेलो नाही. “हे पहारेकरी तिच्या अंगातच आहेत. जन्मापासून! वडूजला न्या, नाहीतर काशीला न्या, ते तिच्याबरोबरच जाणार!”

आक्कांनी सावकाश मान वर केली.

“जल्मापासनं?”

मी अजून भरातच होतो, मान डोलावली.

“म्हंजे लगनाच्या आदीपासनं हे हिच्या अंगात हुतं? आनि तिच्या बापानं सांगितलं न्हाई? मारुती, ऐकतोयास न्हवं? आपल्याला फशिवलं रं! आता तर पांढरीचंबी न्हाई, हिचंच हाय. ओ कंडाक्टर, मारा घंटी!”

कंडक्टरनं दोरीला हात घातला. मागच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, “आवं, पोरीचं तोंड तरी बगा.” शालनचं तोंड पाहण्यासारखं नव्हतं. ती बोचक्याची गाठ पुन्हा पुन्हा आवळत होती. माझ्याजवळची सगळी भाषणं संपली होती. पेशी जन्मापासून असतात, आजार नसतो, तो नंतर कुणालाही होतो, असं मी पुटपुटत होतो, पण तिकडे कोण लक्ष देतंय!

बापूसाहेब मात्र आक्कांकडे टक लावून पाहत होता.

“आक्का,” तो म्हणाला. इतका मऊ आवाज त्यानं स्वतःच्या लग्नातही काढला नसेल. “एवढ्या उन्हात शाल कशाला?”

“गार वाजतंय.”

“केव्हापासून?”

“लय दिस झालं. वय झालं की आता.”

“आवाज पहिल्यापासून असाच?”

“न्हाई साब,” मारुती म्हणाला. “आदी आई हाक मारायची तर पार मळ्यातल्या पाटापतूर ऐकू यायची. आता बसलाय.”

“झोप फार येते?”

“सारखी पेंगती. जेवताना बी.”

बापूसाहेबानं कंडक्टरच्या हातातला तिकिटं पंच करायचा चिमटा काढून घेतला. आक्कांना बाकावर गुडघे टेकून, पावलं बाहेर लोंबती ठेवून बसायला लावलं. एवढ्या डॉक्टरी आवाजापुढे त्या निमूट बसल्या. त्यानं टाचेच्या वरच्या शिरेवर चिमट्याच्या बुडानं हलकेच ठोका दिला. चांगल्या माणसाचं पाऊल झटक्यात मागे जातं आणि झटक्यात परत येतं. आक्कांचं पाऊल मागे गेलं आणि तिथंच रेंगाळलं. परत यावं की न यावं, असा विचार करत करत, सावकाश जागेवर आलं.

“आता सूनबाई.”

शालन तशीच बसली. ठोका. पाऊल मागे गेलं, रेंगाळलं, विचार करत जागेवर आलं. अगदी तसंच. दोन पावलं शेजारी शेजारी, एक भेगाळलेलं, एक जोडवी घातलेलं, आणि दोन्हींची चाल एक. सगळ्या गाडीनं पाहिलं. एक पैलवान मागून म्हणाला, “डाक्टर, माजाबी पाय बगा की.”

माझ्याकडे तर आक्का स्टुलावर बसून गेल्या होत्या. त्या झिजलेल्या भुवया, याच रोगाची खूण, मी हातभरावरून पाहिल्या आणि त्यांवर विनोद केला. काचेवर नसलेलं काही मला दिसतच नव्हतं.

“रक्त तपासून पक्कं सांगू,” बापूसाहेब म्हणाला, “पण मला वाटतं सासूसुनेला एकच दुखणं आहे. दोघींचे पहारेकरी चुकलेत. बायकांत हे फार होतं आणि कुठल्याही गावात होतं.”

“मला?” आक्का तशाच गुडघ्यावर वळल्या. “मला कसं हुईल? मी तर ह्याच पांढरीवर...” आणि मध्येच थांबल्या.

त्यापुढचं वाक्य हाच या लेखाचा शेवट. म्हणून पुढचा वृत्तांत आधीच उरकून घेतो. तिघंही गाडीतून उतरले. आक्कांच्या रक्तानं बापूसाहेबाचं म्हणणं खरं केलं. दोघींना गोळ्या सुरू झाल्या आणि मारुती रजा संपवून पलटणीत गेला, तेव्हा घरात दोन बायका होत्या. पुढं त्या दोघी जोडीनं यायच्या. दर खेपेला जरा मोठ्यानं भांडत. मला ते भांडण फार आवडायचं, कारण त्यात दोघींच्या आवाजाला धार चढत होती. खाल्लेली ग्रंथी काही परत आली नाही, ती येत नसते. पहारेकरी का चुकतात, तेही मला कधी सांगता आलं नाही. आक्का दर वेळी विचारायच्या आणि मी दर वेळी विषय बदलायचो. एक गोष्ट मात्र अजून टोचते. अशा गार पडलेल्या, हाकेला उशिरा वळणाऱ्या किती सुना आपल्या भागातून कुठल्या कुठल्या गाडीनं परत पोचवल्या गेल्या असतील? त्यांचा तुकडा कुणाच्या काचेवर आला नाही.

तर पुन्हा गाडीत. आक्का बाकावर गुडघ्यांवर, शाल खांद्यावरून घसरलेली. मारुती आईकडे पाहतोय, मग बायकोकडे. कंडक्टर चिमटा परत मागतोय. आणि तोवर एक शब्द न बोललेली शालन, जिचा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता, ती बोचकं उराशी धरून, करवतीनं लाकूड कापावं तशा घोगऱ्या आवाजात, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं बोलून गेली:

“आवं आत्याबाई, तुमचं म्हायेर तर मागल्या आळीला! तुमास्नी कंच्या यष्टीनं पोचवायचं?”